परतवाड्यात हाताने बनवलेला फोनो प्रीअ‍ॅम्प : एक परीक्षण

तबकड्या वाजवणारे टर्नटेबल आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये बसून सुईचा क्षीण सिग्नल मोठा करणारा फोनो प्रीअ‍ॅम्प घेताना बहुतेक जण त्याचा आवाज किती गोड आहे, एवढेच विचारतात. खेड्यात राहणाऱ्याने त्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात, असे माझे मत आहे. एक म्हणजे आपल्या कार्ट्रिजला, म्हणजे सुई बसवलेल्या टोकाच्या भागाला, मानवेल अशी त्याच्या इनपुटची मांडणी बदलता येते का, आणि दुसरी म्हणजे आपल्याकडची वीज आणि अर्थिंग प्रत्यक्षात जशी आहेत तशीच धरून तो बनवला आहे का. परतवाड्यातील एका कारागिराकडून मी जो डबा बनवून घेतला, तो या दोन्ही कसोट्यांवर बऱ्यापैकी उतरतो. इतर काही बाबतींत तो कमीही पडतो, आणि तेही पुढे येईलच.

कारागीर एकटेच काम करतात आणि हाताशी आधीच भरपूर काम आहे, म्हणून त्यांचे नाव येथे देत नाही. त्यांच्या दुकानाच्या दर्शनी भागात मोटारपंपाचे स्टार्टर, लग्नाच्या वरातीतले डीजेचे अ‍ॅम्प्लिफायर आणि जळालेले स्टॅबिलायझर यांचा ढीग असतो. फोनो प्रीअ‍ॅम्प हा त्यांचा हौसेचा उद्योग आहे. वर्षातून मोजकेच बनवतात आणि तेही ग्राहकाने आपल्या कार्ट्रिजचा मॉडेल क्रमांक सांगितल्यावरच. मॉडेल न सांगता "चांगल्यातला एक द्या" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते सरळ परत पाठवतात, आणि माझ्या मते त्यांच्या सेवेतली सर्वांत भरवशाची गोष्ट हीच आहे.

डब्यात आत काय आहे ते थोडक्यात सांगतो. प्रवर्धनासाठी एनई५५३२ ही चार दशकांहून जुनी, स्वस्त आणि आजही कमी गोंगाटासाठी नावाजलेली चिप आहे. रेझिस्टर एक टक्का अचूकतेचे मेटल फिल्म प्रकारचे आहेत, आणि कपॅसिटर मीटरवर मोजून डाव्या-उजव्या चॅनेलसाठी जोड्या जुळवून लावलेले आहेत. महागड्या, चकचकीत सुट्या भागांचा सोस कुठेही दिसत नाही. सोल्डरिंग स्वच्छ आहे, स्क्रू मात्र चार ठिकाणी चार जातींचे आहेत.

अशा डब्याचे मुख्य काम नुसता आवाज मोठा करणे नसते. तबकडी कापताना खालचे, म्हणजे खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले असतात, नाहीतर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूला मोजकीच मिनिटे मावतील. आणि वरचे स्वर मुद्दाम उचललेले असतात, म्हणजे वाजवताना ते पुन्हा खाली आणले की त्यांच्यासोबत पृष्ठभागाची खरखरही खाली जाते. या दाबण्या-उचलण्याचे प्रमाण आरआयएए नावाच्या मानकाने ठरलेले असून हे दाबणे-उचलणे कुठे बदलते ते सांगणारे त्यातील तीन कालांक ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद आहेत. वारंवारतेच्या भाषेत ते ५० हर्ट्झ, ५०० हर्ट्झ आणि २१२२ हर्ट्झ या ठिकाणी पडतात. प्रीअ‍ॅम्पला याच्या बरोबर उलट वागावे लागते. म्हणजे १ किलोहर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झचा स्वर सुमारे १७ डेसिबलने, म्हणजे जवळजवळ सातपट, जास्त वाढवावा लागतो. आपल्या विजेची वारंवारताही ५० हर्ट्झच आहे. १ किलोहर्ट्झला शंभरपट वाढवणारा डबा विजेच्या घुंघुं आवाजाला सातशेपट वाढवतो, आणि तसे त्याने केले नाही तर तो आपले काम चुकवतो. घुमणारा फोनो प्रीअ‍ॅम्प वाईटच असतो असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. घुमी डब्यात जन्मत नाही. बाहेरून आत शिरते आणि मग तिथे फुगते.

आता कार्ट्रिजची जुळवणी. माझ्याकडे ऑडिओ-टेक्निकाचे एटी-व्हीएम९५ई हे मूव्हिंग मॅग्नेट (सुईसोबत छोटे चुंबक हलणाऱ्या) जातीचे कार्ट्रिज आहे. त्याचे आउटपुट ४ मिलिव्होल्ट, कॉइलचे इंडक्टन्स ५५० मिलिहेन्री, अपेक्षित लोड (पुढच्या डब्याच्या इनपुटचा रोध) ४७ किलोओहम आणि अपेक्षित कपॅसिटन्स (तारा व डबा यांची विद्युतभार साठवण्याची क्षमता) १०० ते २०० पिकोफॅरड आहे. यातला ४७ किलोओहमचा आकडा सगळेच पाळतात. कपॅसिटन्सचा आकडा मात्र कोणी वाचतच नाही. कॉइल आणि कपॅसिटन्स मिळून एका ठरावीक जागी स्वर उचलून धरतात आणि त्यापुढे एकदम खाली सोडतात. कपॅसिटन्स जितके जास्त, तितकी ही उचल खाली सरकते आणि कानाला बोचू लागते.

आणि हे कपॅसिटन्स केवळ डब्यात नसते, तारेतही असते. कारागिराने माझ्या टर्नटेबलचा हेडशेल (कार्ट्रिज धरणारा पुढचा भाग) काढायला लावला आणि आरसीए पिनच्या मधल्या टोकापासून बाहेरच्या कड्यापर्यंत एलसीआर मीटर लावून मोजले, तेव्हा टोनआर्मची (सुईच्या दांडीची) आणि केबलची मिळून १३० पिकोफॅरड भरली. डब्याची स्वतःची ४० आहे. खालच्या बाजूला ५०, १०० आणि २०० पिकोफॅरडची तीन-तीन बारीक बटणे प्रत्येक चॅनेलला दिलेली आहेत. डबा हातात आला तेव्हा १०० चे बटण चालू होते, म्हणजे बेरीज २७० झाली आणि उचल तेरा किलोहर्ट्झच्या आसपास आली. सगळी बटणे बंद केल्यावर बेरीज १७० राहते आणि उचल साडेसोळा किलोहर्ट्झच्या आसपास जाते. कागदावर हा फरक किरकोळ वाटेल. ऐकताना मात्र पहिल्या मांडणीत भजनातला टाळ पुढे येऊन गायकाच्या डोक्यावर बसत होता आणि प्रत्येक 'स' ला शिट्टीसारखी धार येत होती. दुसऱ्या मांडणीत टाळ मागच्या रांगेत, जिथे टाळकरी उभा असतो तिथे गेला. उलट, कोणाकडे शुअरचे एम९७एक्सई अजून जपून ठेवलेले असेल, तर त्याला २०० ते ३०० पिकोफॅरड लागतात आणि तिथे हेच १०० चे बटण चालू ठेवणे योग्य ठरेल. शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणे थांबवले, तरी जुने नग अजून अनेक घरांत फिरत आहेत. एवढ्यासाठीच बटणे हवीत. कपॅसिटन्स कायमचे डकवून टाकलेला डबा कितीही नामांकित असला, तरी तो कोणत्या तरी एकाच कार्ट्रिजसाठी बनलेला असतो.

बटणांना हात लावण्याआधी सुईचा भार आणि कार्ट्रिजची बैठक तपासून घ्यावी, कारण 'स' ची धार तिथूनही येते. व्हीएम९५ई ला दोन ग्रॅम भार योग्य. त्यासाठी सोनाराच्या काट्यासारखा छोटा डिजिटल काटा पुरतो. टर्नटेबलमध्येच प्रीअ‍ॅम्प असेल, तर मागचे बटण 'लाइन' वरून 'फोनो' वर आणायला विसरू नये. नाहीतर आरआयएएचा उलट हिशेब दोनदा होतो आणि आवाज रांजणातून आल्यासारखा घुमट व बोदा होतो.

विजेकडे येतो. आमचे गाव चांदूर बाजार तालुक्यात आहे. संत्र्याच्या बागांना पाणी सुरू झाले आणि एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम लागल्या की घरातले २३० व्होल्ट १७० पर्यंत उतरतात, हे इकडे कोणालाही नवीन नाही. डब्यातल्या रेग्युलेटरला १५ व्होल्ट स्थिर देण्यासाठी आत किमान साडेसतरा व्होल्ट तरी यावे लागतात. पुस्तकात पाहून बनवणारा माणूस येथे १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर लावतो आणि २३० व्होल्टवर तो उत्तम चालतो. पण १७० वर त्यातून डीसीत बदलल्यावर जेमतेम पंधरा व्होल्ट येतात, रेग्युलेटर हात टेकतो आणि शंभर हर्ट्झची घुरघुर थेट स्पीकरमध्ये उतरते. या कारागिराने १८-०-१८ चा लावला आहे. त्यामुळे १७० ला अठरा व्होल्ट मिळतात आणि विजेने उलट उसळी मारून २७० गाठले तरी आत तीसच्या आतबाहेर येतात, जे रेग्युलेटर सहन करू शकतो. मोटारपंपाचे स्टार्टर दुरुस्त करणाऱ्या माणसाच्याच हातून असा निर्णय होतो. न्याय्य तुलना करायची तर आयात केलेल्या डब्यांसोबत येणारे १०० ते २४० व्होल्टचे अ‍ॅडाप्टरही कमी दाबावर मजेत चालतात. परंतु त्यांच्या जागी बाजारात मिळणारा कोणताही स्वस्त दोन पिनी अ‍ॅडाप्टर लावला, तर बारीक किणकिण ऐकू येण्याची शक्यता असते.

ट्रान्सफॉर्मर वेगळ्या डबीत आहे आणि मीटरभर तारेने मुख्य डब्याला जोडलेला आहे, हेही चांगलेच. अ‍ॅल्युमिनियमची पेटी ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला अडवू शकत नाही. त्याला अंतर हाच उपाय. याच कारणाने फ्रिजचा स्टॅबिलायझर आणि कूलर यांच्यापासून टर्नटेबल लांब ठेवावे लागते. कार्ट्रिज ही मुळात तारेची बारीक गुंडाळी असल्याने मोटारीचे क्षेत्र ती आपणहून पकडते, आणि तिथे कोणताही प्रीअ‍ॅम्प काही करू शकत नाही. मेच्या दुपारी कूलरशिवाय बसणे आमच्याकडे अशक्य असल्यामुळे मी टर्नटेबल कूलरच्या समोरच्या भिंतीला, वेगळ्या सॉकेटवर घेतले आहे. कूलरचा पाण्याचा पंप सुरू होताना एक 'टक' अजूनही ऐकू येतो.

सर्वांत मोठा फरक पडला तो अर्थिंगने. डबा बसवला तेव्हा हिवाळ्यात सगळे शांत होते. उन्हाळा चढला तशी घुमी वाढली आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येऊ लागल्या. फोनवर कारागिराचे उत्तर असे होते : "सर, पयले अर्थिंगले पानी पाजा, मंग डब्याले नावं ठेवा." नंतर ते गावातल्या वायरमनला सोबत घेऊन स्वतः आले. मीटरवर फेज आणि अर्थ यांच्यामध्ये जवळजवळ पूर्ण व्होल्टेज दिसत होते, म्हणजे वरवर सगळे ठीक. वायरमनने तिथेच शंभर वॅटचा बल्ब लावून पाहिला, तर तो नुसता तांबूस झाला. मीटर अगदी थोडा करंट घेतो, म्हणून त्याला कमकुवत अर्थही चांगला दिसतो. बल्ब खरा करंट मागतो आणि तिथे तो उघडा पडतो. (ही चाचणी घरच्या माणसाने करू नये, जिवावरचा खेळ आहे.)

कारण आमच्या जमिनीतच आहे. काळी कापसाची जमीन ओली असताना विजेला छान वाट देते, पण वाळली की आक्रसते, भेगाळते आणि सळईपासून सुटते. अर्थ सुटला की अ‍ॅम्प्लिफायरच्या आतल्या फिल्टरमधून गळणारा करंट जमिनीत जाऊ शकत नाही; पत्रा अर्ध्या व्होल्टेजपर्यंत तरंगतो आणि तो गळका करंट सिग्नलच्या तारांमधून वाट काढतो. मग प्रीअ‍ॅम्प त्याला सातशेपट करून आपल्याला ऐकवतो. आम्ही खड्डा उकरून कोळसा आणि मीठ नव्याने भरले, वर पाइप ठेवला आणि कूलरचे उरलेले पाणी त्यात सोडायला सुरुवात केली. बल्ब झळझळीत पेटला, झिणझिण्या गेल्या आणि घुमी रेकॉर्डच्या नुसत्या खाचेच्या आवाजाखाली गेली. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातल्या मित्रांचे या बाबतीत बरे आहे, त्यांच्या खारट जमिनीत अर्थ आपसूक चांगला मिळतो. फक्त लोखंडी सळई तितक्याच वेगाने गंजते, म्हणून त्यांनी ती दर काही वर्षांनी उकरून पाहावी.

अर्थ नीट झाल्यावर उरतो तो ग्राउंडचा वेढा. डबा आणि अ‍ॅम्प्लिफायर दोघेही तीन पिनी असतील, तर अर्थाला दोन वाटा होतात आणि त्या वेढ्यात ५० हर्ट्झ फिरत राहतो. यावर काही जण अर्थची पिन कापून टाकतात. असे कधीही करू नये. या डब्यात सिग्नलचे ग्राउंड आणि पत्र्याचा अर्थ यांच्यामध्ये छोटा रेझिस्टर व उलटसुलट जोडलेले दोन डायोड आहेत, त्यामुळे पत्रा कायम सुरक्षित राहतो आणि वेढ्यातला किरकोळ करंट अडतो. टर्नटेबलची बारीक हिरवी तार मात्र मागच्या पंखाच्या नटखाली घट्ट आवळावी. ती सैल असली तर बाकीचे सगळे केलेले वाया जाते. हा नट जरा मोठा असता तर बरे झाले असते, जाड बोटांना तो नीट पकडता येत नाही.

गेनसाठी, म्हणजे सिग्नल किती मोठा करायचा ते ठरवण्यासाठी, आत ३६, ४० आणि ४६ डेसिबल असे तीन जम्पर (जागा बदलून लावायच्या बारीक टोप्या) आहेत. ४० वर माझे ४ मिलिव्होल्ट ४०० होतात, ते कोणत्याही अ‍ॅम्प्लिफायरला पुरतात, आणि ओरखड्याचा कडाका आला तरी भरपूर मोकळी जागा राहते. ४६ ची गरज मला पडली नाही.

त्याहून उपयोगी आहे तो कानाच्या पल्ल्याखालची थरथर अडवणारा सबसोनिक फिल्टर. टिनाच्या छताखाली चार उन्हाळे काढलेल्या तबकड्या सरळ राहत नाहीत. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने फिरणारी वाकडी तबकडी सेकंदाला अर्ध्याहून थोड्या जास्त वेळा सुईला वर-खाली करते. ते ऐकू येत नाही, पण स्पीकरचा पडदा श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर होताना डोळ्यांना दिसतो आणि अ‍ॅम्प्लिफायरची ताकद फुकट जाते. फिल्टर लावला की पडदा थांबतो. तबल्याच्या बायाँला किंवा पखवाजाला त्याने काही कमी पडल्याचे मला जाणवले नाही, म्हणून मी तो कायम चालूच ठेवला आहे.

मोनोचे बटण ही कारागिराची स्वतःची सूचना होती आणि जुनी मराठी तबकडी बाळगणाऱ्याने ती अवश्य मानावी. मोनो तबकडीची खाच फक्त आडवी हलते. उभ्या हालचालीत तिथे संगीत नसते, असतो तो निव्वळ धुळीचा आणि झिजेचा आवाज. दोन्ही चॅनेल एकत्र केले की उभी हालचाल एकमेकांना खोडून टाकते. एका जुन्या भावगीताच्या ईपीवर (छोट्या तबकडीवर) हे बटण दाबल्यावर खरखर अर्ध्यावर आली आणि हार्मोनियमचा भाता ऐकू येऊ लागला.

आवाजाबद्दल लिहायचे तर या डब्याला स्वतःचा असा स्वभाव नाही, आणि तेच मला आवडते. मूर्तिजापूरला १९२० मध्ये जन्मलेले आमच्या वऱ्हाडाचे वसंतराव देशपांडे यांची द्रुत तान मी त्यावर वारंवार ऐकली. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधला झटका स्पष्ट राहतो आणि तंबोऱ्याचा जोड तानेखाली दबून जात नाही. ज्यांना व्हॉल्व्हचा उबदार, किंचित पसरलेला आवाज हवा आहे, त्यांचे यावर समाधान होणार नाही.

आता उणिवा. मूव्हिंग कॉइल (सुईसोबत तारेची गुंडाळी हलणाऱ्या) कार्ट्रिजसाठी हा डबा नाही. त्यांपैकी बहुतेकांचे आउटपुट अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी असते आणि त्यांना साठ डेसिबलच्या आसपास गेन व शंभर ओहमच्या आसपासचा लोड लागतो. फ्यूज आहे, पण उसळीपासून वाचवणारा व्हॅरिस्टर नाही. न्यूट्रल तुटून घरात चारशे व्होल्ट शिरण्याचे प्रकार ज्या भागात घडतात, तिथल्या माणसाला व्हॅरिस्टर न सुचणे मला खटकले. सांगितल्यावर त्यांनी तो फुकट लावून दिला, आता नव्या डब्यांत असतो. बटणांवर छापील खुणा नाहीत, पेनने लिहिलेले आकडे घामाने पुसतात. लगीनसराईत डीजेवाल्यांची रांग लागते, त्यामुळे दिलेली तारीख पाळली जाईल या भरवशावर कोणी राहू नये.

लाखेच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या वाजवणाऱ्यांसाठी एक मोठी अडचण आहे. त्यांपैकी बहुतेक आरआयएए मानकाच्या आधीच्या आहेत आणि त्यांत वरचे स्वर तितके उचललेले नसतात. या डब्यातून वाजवल्यावर दहा किलोहर्ट्झला जवळजवळ चौदा डेसिबलपर्यंतची कपात विनाकारण होते आणि गाणे गोधडीखालून आल्यासारखे लागते. सुईही वेगळी, तीन मिल (इंचाचे तीन हजारांश) जाडीची लागते. व्हीएम९५ मालिकेत ती 'एसपी' नावाने मिळते आणि त्याच कार्ट्रिजला बसते. सध्या मी अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रेबलने भागवतो, ते खरे उत्तर नाही. वेगळ्या कर्व्हसाठी (दाबण्या-उचलण्याच्या वेगळ्या प्रमाणासाठी) बटण लावून देण्याचे कारागिराने मान्य केले आहे आणि त्याचे आठशे रुपये वेगळे पडतील.

मूळ डब्याचे साडेसहा हजार रुपये घेतले, निम्मे आगाऊ. अर्थिंग पाहायला येण्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, वायरमनचे मात्र आपण द्यायचे असतात. ऑर्डर देताना कार्ट्रिजचा मॉडेल क्रमांक आणि टर्नटेबल सोबत न्यावे, म्हणजे केबलचे कपॅसिटन्स तिथेच मोजून बटणे लावून मिळतात.